चौघांनी सांगितलेले आत्मचरित्र

कान तपासायची ती खोली म्हणजे खरे तर खोली नव्हतीच; आतून खरबरीत फोमने मढवलेली, एका माणसापुरती काचेच्या खिडकीची पेटी होती. माझ्या कानांवर हेडफोन चढवून आणि हातात एक बटण देऊन तिथल्या मुलीने सांगितले, "काकू, अगदी बारीक शीळ ऐकू आली तरी लगेच दाबायचं, विचार करत बसायचं नाही." दार बंद झाले आणि मी परीक्षेला बसल्यासारखी मनापासून बटण दाबत राहिले. थोड्या वेळाने काचेपलीकडचा तिचा चेहरा बुचकळ्यात पडलेला दिसला. दार उघडून ती हळूच म्हणाली, "काकू, आत्ता तीन-चार वेळा तुम्ही बटण दाबलंत ना, तेव्हा मी काहीच वाजवलं नव्हतं."

एका लांबलेल्या सर्दी-तापानंतर माझ्या डाव्या कानात शीळ सुरू झाली होती, तिचीच ती करामत. दुखणे गंभीर नाही, सवय होईल, असे डॉक्टरांनी सांगितले आणि ते खरेही ठरले. दिवसभर रस्त्याच्या आणि घराच्या आवाजात ती शीळ बुडून जाते. पण त्या बंद पेटीत, बाहेरचे सगळे आवाज काढून घेतल्यावर, बाहेरून आलेला स्वर कोणता आणि माझ्या कानाने स्वतःच तयार केलेला कोणता, हे मला सांगता येईना. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी एकोणिसाव्या शतकातल्या चेक संगीतकार बेद्रझिख स्मेतनाचा ई मायनर या स्वरमालेतला स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, लावला. गेली वीस वर्षे मी तो ऐकत आले आहे. त्याच्या शेवटच्या भागात एक जागा येते, तिची तोवर मी रसिकतेने वाट पाहत असे. त्या दिवशी जरा धास्तीने पाहिली.

या क्वार्टेटला स्मेतनाने चेक भाषेत नाव दिले आहे, 'माझ्या आयुष्यातून'. 'माझे आयुष्य' असे नाही. आपल्या पंचमीच्या 'ऊन' प्रत्ययाइतकाच तिथला नामाआधी येणारा शब्दही छोटा आहे, पण सगळी गंमत त्यात आहे. आत्मचरित्र लिहिणारा माणूस आयुष्य सांगत नसतो, आयुष्यातून काही वेचून सांगत असतो. स्मेतनाने काय वेचले आणि काय तिथेच राहू दिले, हे कळायला लागल्यापासून मला ही रचना पूर्वीपेक्षा कितीतरी अवघड वाटू लागली आहे, आणि जवळचीही.

स्मेतना या शब्दाचा चेक भाषेतला अर्थ दुधावरची साय, मलई. आडनावाला शोभेल असे सुखवस्तू घर होते. २ मार्च १८२४ रोजी बोहेमियातल्या लितोमिश्ल या गावी तो जन्मला. वडील तिथल्या गढीतल्या बिअरच्या भट्टीचे चालक होते आणि हौसेने स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये वाजवत. म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांचे आपसातले बोलणे मुलाने घरातच ऐकलेले होते. सहाव्या वर्षी त्याने लोकांसमोर पियानो वाजवला तो फ्रेंच संगीतकार ओबेरच्या 'पोर्तिचीची मुकी मुलगी' या ऑपेराच्या प्रास्ताविकाचा. ऐकू न येणाऱ्या संगीतकाराची सुरुवात मुक्या मुलीपासून व्हावी, हा नियतीचा विनोद कुणी कादंबरीत लिहिला असता तर आपण नाक मुरडले असते. एकविसाव्या वर्षी त्याने रोजनिशीत लिहून ठेवले होते की, तंत्रात पियानोवादक फ्रांझ लिस्टसारखा आणि रचनेत मोझार्टसारखा व्हायचे. त्या वयाला ते शोभते.

पुढे व्हायचे ते झाले, पण फार उशिरा. १८६६ साली प्रागच्या तात्पुरत्या राष्ट्रीय रंगमंचावर तो मुख्य कंडक्टर झाला, त्याच वर्षी 'विकलेली वधू' हा त्याचा ऑपेरा रंगमंचावर आला, आणि चेक संगीताचा बाप म्हणावा असे स्थान त्याला हळूहळू मिळत गेले. शत्रूही तितकेच मिळाले. १८७४ च्या उन्हाळ्यात त्याच्या कानांना दडे बसू लागले, डोके गरगरू लागले, शिट्ट्या वाजू लागल्या. आधी उजवा कान गेला आणि २० ऑक्टोबरच्या सुमारास दोन्ही. तो पन्नास वर्षांचा होता. नंतर बरोबर एका महिन्याने त्याने 'वल्तावा' ही त्याच नावाच्या नदीवरची वाद्यवृंदरचना लिहायला घेतली. नदीच्या उगमापासून प्रागपर्यंतचा तो खळाळता प्रवास जगभर वाजतो, पण लिहिणाऱ्याने त्यातला एकही स्वर कानाने ऐकलेला नाही, हे तो ऐकणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते.

कानांवर इलाज करायला तो वुर्झबर्गला आणि व्हिएन्नाला नामांकित डॉक्टरांकडे जाऊन आला. प्रवासाचे पैसे जुन्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी उभे केले होते. मलमे झाली, पूर्ण शांततेत बसून राहणे झाले, वाद्याला हात न लावण्याचे पथ्य झाले. गुण आला नाही. रंगमंडळाने वर्षाला १,२०० गुल्डनचे मानधन ठरवले, पण बदल्यात त्याचे तोवरचे ऑपेरे करण्याचा हक्क घेतला, आणि ते पैसेही वेळेवर हातात पडत नसत. प्रागमध्ये राहणे परवडेना, तेव्हा १८७६ च्या जूनमध्ये तो बिऱ्हाड घेऊन याब्केनित्से नावाच्या खेड्यात, जंगलाच्या कडेला असलेल्या आपल्या मुलीच्या आणि जावयाच्या घरी राहायला गेला. जावई वनाधिकारी होता. या क्वार्टेटचा बहुतेक सगळा मजकूर त्या वर्षाच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत तिथे लिहिला गेला. २९ डिसेंबरला तो पूर्ण झाला.

तो सुरू होतो एका जोरदार स्वरसंघाने, जणू कुणी दार आपटावे, आणि लगेच व्हायोलिने कुजबुजू लागतात, खाली चेलो एकाच स्वराची आस धरतो. आपला कान तानपुऱ्यावर वाढलेला असल्यामुळे मला ती आस पहिल्याच मात्रेला ओळखीची वाटते. त्या आसेवर कथा सांगायला जे वाद्य उठते ते व्हायोलिन नसते, व्हायोला असतो. पाश्चात्य संगीतात व्हायोलाची स्थिती एकत्र कुटुंबातल्या मधल्या भावासारखी आहे. कामाला सगळ्यात पुढे, बोलायला कुणी विचारत नाही. त्याचा आवाज किंचित नाकातला, दाणेदार, वयात आलेला. स्मेतनाने आपल्या तारुण्याची गोष्ट या प्रौढ आवाजात सांगायला घेतली आहे. एक लांब धरलेला स्वर, मग एकदम पाच स्वर खाली कोसळणारी उडी: 'प'वरून थेट 'सा'वर आदळावे तशी. हे दैवाचे बोलावणे आहे, पुढे येऊ घातलेल्या संकटाची सूचना आहे, असे स्मेतनाने स्वतःच सांगून ठेवले आहे.

ते त्याने सांगितले एका पत्रात. योसेफ स्रब या मित्राला १८७८ च्या एप्रिलमध्ये लिहिलेल्या या पत्रात चारही भागांचा अर्थ त्याने उलगडला आहे. पहिला भाग तारुण्यातली कलेची ओढ आणि सांगता न येणारी हुरहूर. दुसरा, पोल्का, नाचाच्या वेडाचे दिवस. तिसरा, जी पुढे पत्नी झाली तिच्यावरचे पहिले प्रेम. चौथा, आपल्या देशाच्या सुरावटीतून संगीत रचता येते हे उमगल्याचा आनंद आणि त्या आनंदावर आलेला घाला. मात्र त्या पत्रातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे वाक्य या यादीत नाही. त्याचा आशय असा, की ही रचना मुद्दाम चारच वाद्यांसाठी आहे, कारण चार जवळची माणसे एकत्र बसून मनावरचे ओझे एकमेकांना सांगतील तसे हे सांगायचे होते. ज्या माणसाने देशाची गोष्ट सांगायला अख्खा वाद्यवृंद घेतला, त्याने स्वतःची गोष्ट सांगायला चौघेच घेतले. जॉर्ज सेल या थोर कंडक्टरने पुढे हा क्वार्टेट वाद्यवृंदासाठी बसवला. काम कसबी आहे. पण घरातल्या चौघांतली गोष्ट ध्वनिक्षेपकावरून ऐकल्यासारखे मला तिथे अवघडायला होते.

प्रागमधल्या चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या बैठकीच्या संगीताच्या, मंडळाला मात्र हे सगळे चार वाद्यांच्या मानाने फार वाटले. शैली वाद्यवृंदाची आहे, वाजवायला अशक्य आहे, म्हणून त्यांनी ते नाकारले. अशक्य म्हटलेली एक जागा पोल्काच्या मध्यावर आहे. पोल्का मजेत चाललेली असते, व्हायोलाला तुतारीसारखे वाजवायची सूचना असते, गावच्या नाचाची धूळ उडत असते. आणि अचानक सगळे डी-फ्लॅट मेजरमध्ये जाते. हा भाग म्हणजे मी बरीच वर्षे ज्यांच्यात वावरलो त्या अमीर-उमरावांची आठवण, असे स्मेतना म्हणतो; तरुणपणी तो काउंट थुन यांच्या घरी संगीतशिक्षक होता. डी-फ्लॅट मेजरमध्ये पाच स्वर उतरलेले असतात आणि व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा तिथे उपयोगाच्या राहत नाहीत. म्हणजे वादकाला टेकायला जागा नाही; प्रत्येक स्वर बोटाने शोधून धरायचा, वर स्वरसंघ दाबायचे आणि ते चौघांचे एकमेकांशी जुळलेही पाहिजेत. उंची गालिच्यावर पाऊल जपून टाकणाऱ्या गरीब मास्तराचे अवघडलेपण त्यातून बरोबर उतरते. कुरकुर करणाऱ्या वादकांना ते कळले असेल का, कुणास ठाऊक. त्यांची बोटे तर नेमके तेच भोगत होती.

शेवटी १८७८ मध्ये स्रब याच्याच घरी तो खासगीत वाजवला गेला. त्या बैठकीत व्हायोला होता पुढे थोर चेक संगीतकार म्हणून गाजलेल्या आंतोनिन द्वोरझाक यांच्या हाती. द्वोरझाक पूर्वी स्मेतनाच्याच हाताखाली रंगमंचाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवीत असत, तेव्हा जुन्या वस्तादाचे आत्मचरित्र पहिल्यांदा बोलून दाखवायला त्यांच्यापेक्षा योग्य माणूस मिळाला नसता. जाहीर प्रयोग २९ मार्च १८७९ रोजी झाला.

तिसऱ्या भागाकडे मी मुद्दाम उशिरा आले आहे. तो संथ आहे, चेलो एकटाच सुरुवात करतो, आणि मग ए-फ्लॅट मेजरमध्ये जे गाणे उमलते त्याला पहिल्या प्रेमाचा सगळा लाजरेपणा आहे. ही कातेरझिना कोलारझोवा. उत्तम पियानो वाजवणारी. १८४९ साली दोघांचे लग्न झाले. पुढच्या काही वर्षांत चार मुली झाल्या आणि १८५४ ते १८५६ या दोन वर्षांत त्यांतल्या तीन गेल्या. थोरली बेद्रझिश्का साडेचार वर्षांची होती, बापासारखी गाण्याचे अंग घेऊन आलेली. ती लाल तापाने गेली. नंतर स्मेतना स्वीडनमध्ये गोथेनबर्गला नोकरीला गेला, कातेरझिनाला क्षय झाला, तिथली थंडी सोसेना, आणि मायदेशी परतताना वाटेत ड्रेस्डेनमध्ये १९ एप्रिल १८५९ रोजी तिने प्राण सोडला. पुढच्याच वर्षी त्याने दुसरे लग्न केले. ते सुखाचे झाले नाही.

यातले क्वार्टेटमध्ये काय आहे? काही नाही. प्रेम आहे, मृत्यू नाही. स्वीडनची पाच वर्षे नाहीत, रंगमंडळातली भांडणे नाहीत, दुसरा संसार नाही, आणि एकाही मुलीचे नाव नाही. पूर्वी मला वाटे, बेद्रझिश्काचे दुःख त्याने त्याच वर्षी, १८५५ साली, जी मायनरमधल्या पियानो ट्रिओमध्ये ओतून टाकले होते, म्हणून ते पुन्हा उगाळले नसेल. ते काही अंशी खरे असेल. पण याब्केनित्सेचे घर डोळ्यांपुढे आणले की दुसरेच काही दिसू लागते. ज्या मुलीच्या घरी तो राहत होता ती झोफिए, चौघींपैकी वाचलेली एकुलती एक. त्याच घरात दुसरी पत्नी होती, तिच्या दोन मुली होत्या. अशा घरात, कानांनी काहीच ऐकू न येणारा बावन्न वर्षांचा माणूस टेबलाशी बसून सतरा वर्षांपूर्वी गेलेल्या पहिल्या बायकोसाठी प्रेमगीत लिहीत आहे. त्याला ते वाजवून पाहता येत नाही, त्यामुळे घरातल्या कुणाला ते ऐकूही जात नाही. अशा गुपिताइतके सुरक्षित गुपित नाही. काय सांगायचे आणि काय नाही, हे ठरवताना माणसाला कुणाकुणाच्या नजरेचा विचार करावा लागतो, हे ज्याने भरल्या घरात राहून काही लिहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

चौथा भाग पुन्हा नाचाचा. जर्मनमधून शिकलेला, जर्मनमध्येच रोजनिशी लिहिणारा हा माणूस तिशी ओलांडल्यावर चेक भाषेत नीट लिहायला शिकला. इंग्रजी शाळेत गेलेल्या आपल्याकडच्या एखाद्याने चाळिशीला टेकताना ऱ्हस्व-दीर्घ गिरवावेत, तसे ते होते; आणि तशा माणसाला भाषेचा जो हर्ष होतो तो जन्मजात बोलणाऱ्याला होत नाही. या भागातला उल्हास त्या जातीचा आहे. ई मेजरमध्ये सगळे घोड्यावर बसल्यासारखे धावत असतात. मग अर्ध्यावर सगळे थांबते. एक पूर्ण शांतता येते. खालची वाद्ये गज थरथरवत एक काळवंडलेला पडदा धरतात, आणि त्यावर पहिल्या व्हायोलिनवरून उंच, एकसुरी, न हलणारा ई येतो. व्हायोलिनच्या सर्वांत वरच्या मोकळ्या तारेपेक्षा तो दोन सप्तके वर आहे. म्हणजे सुमारे २,६०० हर्ट्झ. कान तपासणाऱ्या यंत्राच्या पट्टीवर तो मधोमध कुठेतरी येतो. त्या दिवशी पेटीत मी न वाजलेल्या स्वरासाठी बटण दाबले तेव्हा माझा स्वर याच्याहून वरचा असावा. पण त्याची जात हीच: खोलीत नसलेला, कुणीही न वाजवलेला, तरीही सगळ्यांपेक्षा स्पष्ट.

या शिळेची गोष्ट क्वार्टेटच्या प्रत्येक परिचयात सांगितली जाते आणि ती बहुधा इथेच संपवली जाते. मला दोन गोष्टींनी थांबायला लावले. पहिली म्हणजे तिची लांबी. अख्ख्या रचनेला साधारण अर्धा तास लागतो. शीळ दहा-बारा सेकंद टिकते. ज्या संकटाने त्याचे आयुष्य दुभंगले त्याला त्याने आपल्या आत्मचरित्रात इतकीच जागा दिली. दुसरी गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली. स्मेतनाच्या कानात प्रत्यक्षात जी शीळ वाजे ती ई नव्हतीच. आपल्याला पिकोलो या छोट्या बासरीच्या उंचीवर ए-फ्लॅट मेजरचा स्वरसंघ ऐकू येतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. ए-फ्लॅट मेजर, म्हणजे ज्या स्वरात कातेरझिनाचे प्रेमगीत आहे, तोच. हा योगायोग असेलही. त्यावर इमले बांधणे मला पसंत नाही, पण तो एकदा लक्षात आल्यावर तिसरा भाग मी पूर्वीसारखा ऐकू शकलेले नाही.

ए-फ्लॅटचा ई का झाला, याचे उत्तर मात्र आपल्या कानाला लगेच सापडते. ई हा या क्वार्टेटचा षड्ज आहे. सुरुवातीला दार आपटते ते ई मायनरमध्ये, चौथ्या भागातला नाच ई मेजरमध्ये. खरी शीळ आणली असती तर ती परकी राहिली असती, बाहेरून घुसलेली. त्याने आपला रोग आपल्या गाण्याच्या 'सा'वर लावून घेतला. म्हणूनच तो स्वर इतका अंगावर येतो: खालचा पडदा काळवंडलेला, आणि वरती जो न हलता उभा आहे तो मात्र घरातला, आजवर ज्याच्या आधाराने सगळे गात आले तोच. तानपुऱ्याची तार तुटताना ऐकली आहे त्याला ही भीती ठाऊक आहे. इथे तर तार तुटत नाही, तीच उलटते.

शिळेनंतरची दीड-दोन मिनिटे फारशी कुणी वाखाणत नाही. पहिल्या भागातली व्हायोलाची ती कोसळणारी उडी परत येते, पण दार आपटत नाही. लांबून ऐकू येते. मग तारुण्यातली एक गोड सुरावट डोकावून जाते. नाचाचा एखादा तुकडा उठू पाहतो आणि बसतो. पत्रात स्मेतनाने हे भविष्याविषयीचे म्हटले आहे: कुठेतरी बरे होण्याची थोडी आशा, आणि मनात तेच दुःख. पुढे त्याला आणखी साडेसात वर्षे मिळाली. 'वल्तावा' जिच्यात येते ती 'माझा देश' ही वाद्यवृंदमालिका पूर्ण झाली, आणखी ऑपेरे झाले, तुकड्यातुकड्यांत लिहिलेला दुसरा एक क्वार्टेट झाला. मग मन ढळले, आणि १२ मे १८८४ रोजी प्रागच्या वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. यातले काहीही डिसेंबर १८७६ मध्ये त्याला माहीत नव्हते, आणि तरी ही दोन मिनिटे लिहिताना त्याचा हात कुठे चुकलेला नाही.

परवा रात्री मी तो क्वार्टेट पुन्हा लावला, यावेळी हेडफोन न लावता, खिडक्या उघड्या ठेवून. समोरच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. शेवट जवळ आला की सगळे आवाज एकेक करून खाली बसतात, व्हायोला अजून थोडा वेळ आपल्याशीच काही पुटपुटतो, आणि मग गज बाजूला ठेवून बोटांनी छेडलेले अगदी मंद स्वर येतात. ते ई मेजरमध्ये आहेत. तोच षड्ज, फक्त सप्तके खाली उतरून, माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत आलेला. ते संपल्यावर माझ्या डाव्या कानात माझी शीळ होतीच. खालच्या रस्त्यावरून रिक्षा गेली तेव्हा ती पुन्हा बुडाली.